सहा इंचांचं पाऊल: आयोवाची ऑफेन्सिव्ह लाइन कशी घडते

ऑगस्टमध्ये आयोवा सिटीत शिकायला येणाऱ्या मराठी मुलामुलींना सीनियर मंडळी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतात: आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची घरच्या मैदानावर मॅच असलेला शनिवार असेल तर किराणा शुक्रवारीच आणून ठेवा. पाऊण लाख वस्तीचं गाव आणि किनिक स्टेडियममध्ये सुमारे ६९ हजार माणसं. सगळीकडे काळा-पिवळा रंग, पार्किंगच्या जागेत सकाळपासून शेगड्या पेटलेल्या. नवखा माणूस आत जातो आणि साहजिकच बॉलच्या मागे डोळे फिरवतो. तसं केलं की अमेरिकन फुटबॉल म्हणजे नुसती ढकलाढकली वाटते. आयोवाचा खेळ समजून घ्यायचा असेल तर बॉल सोडून त्याच्या पुढ्यात वाकून उभ्या असलेल्या पाच धिप्पाड मुलांकडे बघावं लागतं.

आधी जुजबी ओळख. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, जमलं की पुन्हा चार प्रयत्न. बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांच्या मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. ही ऑफेन्सिव्ह लाइन. यांचे नंबर ५० ते ७९ मधले. सेंटर बॉल मागे देतो तेवढंच, बाकी यांनी पुढे फेकलेला पास झेलायचा नाही, आणि पास हवेत असताना कॉलेजच्या नियमांनुसार तीन यार्डांपेक्षा पुढे जायचंही नाही. कामं दोनच. रन असेल तर धावणाऱ्यासाठी वाट उघडायची, पास असेल तर तो फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला अडीच-तीन सेकंद मिळवून द्यायचे.

आयोवाचं नाव या बाबतीत का घेतलं जातं? हेड कोच कर्क फेरेन्ट्झ १९९९च्या हंगामापासून इथे आहेत, आणि त्याआधी १९८१ ते १९८९ ते इथेच लाइनचे कोच होते. त्यांचे गुरू जो मूर. शाळेत असताना फेरेन्ट्झ मूरच्या हाताखाली खेळले, पुढे पिट्सबर्ग विद्यापीठात त्यांचे मदतनीस झाले. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज लाइनला २०१५पासून जे पारितोषिक मिळतं ते याच मूरच्या नावाचं आहे, आणि ते एका खेळाडूला नाही, अख्ख्या लाइनला देतात. २०१६मध्ये ते आयोवाला मिळालं.

आता गंमत अशी की मोठमोठी विद्यापीठं ज्या मुलांच्या मागे लागतात, ती आयोवाला फारशी मिळत नाहीत. इथे येतात ते गावाकडचे, थोडे सडपातळ, बहुतेक वेळा दुसऱ्याच जागेवर खेळणारे. रॉबर्ट गॅलरी टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून पासही झेलणारा) म्हणून आला आणि २००४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर लेफ्ट टॅकल म्हणून गेला. टायलर लिंडरबॉम बचावफळीत होता. पहिल्या वर्षी त्याला सेंटर केलं, आणि २०२१मध्ये देशातल्या सर्वोत्तम सेंटरसाठी असलेली रिमिंग्टन ट्रॉफी त्याला मिळाली. मुलगा निवडताना कोच आजचं वजन फारसं बघत नाहीत. घोटा आणि कंबर किती वाकते, पाय किती पटापट पडतात, हे बघतात. त्यामुळे शाळेत कुस्ती खेळलेल्या मुलांवर त्यांचा डोळा असतो. समोरच्याचा तोल कुठे आहे हे हाताला कळणं शिकवायला फार वेळ लागतो, कुस्तीवाला ते घेऊनच येतो. लिंडरबॉम आणि पुढे एनएफएलमध्ये नावाजलेला ट्रिस्टन वर्फ्स शाळकरी वयात एकमेकांशी कुस्ती खेळलेत, आणि त्यात लिंडरबॉमने वर्फ्सला हरवलंही आहे.

वजन नंतर चढवता येतं, पण सावकाश. आलेला मुलगा ११२-११५ किलोचा, हवा १३५-१४०चा. आठवड्याला अर्धा किलोपेक्षा जास्त चढवलं की ती बहुतेक चरबीच असते, आणि ती पायांना जड होते. म्हणजे वर्ष-दीड वर्ष दिवसाला पाच-सहा हजार कॅलरी, पाच-सहा वेळा विभागून, सोबत पाय आणि पाठीचे व्यायाम. खेळाडूंना विद्यापीठाने हवं तेवढं जेवण देण्याची मुभा २०१४मध्येच मिळाली, त्याआधी यावरही बंधनं होती. बाकावर पडून छातीवरून किती वजन ढकलता येतं याचं कौतुक बाहेरचे करतात. लाइनच्या कोचला जास्त रस असतो हँग क्लीनमध्ये, म्हणजे मांडीपाशी धरलेलं वजन झटक्यात खांद्यापर्यंत उचलण्यात, कारण तिथे ताकद जमिनीतून पायांत आणि पायांतून कंबरेत एका झटक्यात यावी लागते. वर्फ्सने ४५० पौंड, म्हणजे २०४ किलो, असे चार वेळा उचलले तेव्हा इथे विक्रम झाला.

पण ताकद असूनही मार खाणारे टॅकल पुष्कळ असतात, आणि त्याचं कारण जवळजवळ नेहमी पायात सापडतं.

सुरुवात पवित्र्यापासून. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, एक पाऊल दुसऱ्याच्या किंचित मागे, एक हात जमिनीवर. त्या हातावर भार इतकाच की हात झटकन काढला तरी माणूस पुढे पडू नये. नवीन मुलगा रनच्या वेळी हातावर रेलतो, बोटांची पेरं पांढरी पडतात, आणि समोरच्याला आधीच कळतं की आता रन येणार. पासच्या वेळी तोच मागे बसतो. दोन्ही वेळा पवित्रा हुबेहूब तोच दिसला पाहिजे, यावर पहिले काही आठवडे जातात.

मग पहिलं पाऊल. ते साधारण सहा इंचांचं असतं आणि तसंच असावं लागतं. टक्कर व्हायच्या आत दुसरं पाऊल जमिनीवर टेकलेलं हवं, हा या कामाचा गाभा. पहिलं पाऊल लांब टाकलं की टकरीच्या क्षणी माणूस एका पायावर असतो, आणि एका पायावरच्या १४० किलोला ११० किलोचा गडी सहज बाजूला करतो. हे पाऊल घोटवण्यासाठी फळी असते: फूटभर रुंद, आठ-दहा फूट लांब. ती दोन्ही पायांच्या मध्ये ठेवून समोरच्याला रेटत न्यायचं. पाय जवळ आले की फळीवर पडतात आणि चूक लगेच कळते. दुसरं साधन म्हणजे शूट: लोखंडी चौकट, वर साडेचार-पाच फुटांवर छत. त्याखालून निघायचं. मुलं गुडघ्यांत वाकण्याऐवजी कंबरेत वाकून डोकं वाचवतात. कंबरेत वाकलं की भार चवड्यांवर जातो, समोरचा नुसता खाली खेचतो आणि गडी तोंडावर आपटतो. म्हणून कोच छताकडे न बघता गुडघ्याच्या कोनाकडे बघत उभा असतो. स्लेडवरही, म्हणजे ढकलत न्यायच्या जड सांगाड्यावरही, तीच गोष्ट: किती अंतर ढकललं याला फारसा अर्थ नाही, पाय थांबले का ते महत्त्वाचं.

आयोवाचं खास हत्यार म्हणजे आउटसाइड झोन ही रनची चाल. पाचही जण एकाच दिशेने, एकाच कोनात निघतात. प्रत्येकाचं लक्ष्य समोरच्याची बाहेरची बगल. तिथवर पोहोचलं तर त्याला आत कोंडायचं. नाही पोहोचलं तर तो जिकडे पळतोय तिकडेच त्याला साइडलाइनपर्यंत नेत राहायचं, आणि धावणारा त्याच्या पाठीमागून आत वळतो. म्हणजे ब्लॉक जिंकायलाच हवा असं नाही, पण अंगाला चिकटून राहायलाच हवं आणि पाय चालू हवेत. यात सगळ्यांत अवघड काम प्लेच्या (त्या प्रयत्नातल्या चालीच्या) उलट बाजूच्या टॅकलचं, कारण मागून पाठलाग करणाऱ्याला त्याने गाठायचं असतं आणि तो एक पाऊल आधीच पुढे असतो. चांगल्या रनचं श्रेय पुढच्या बाजूला मिळतं. फसलेल्या रनचं मूळ बरेचदा याच मागच्या टॅकलपाशी असतं.

झोनमधला दुसरा धडा दोघांच्या ब्लॉकचा. ज्याच्या समोर कोणी नाही तो शेजाऱ्याला मदत करतो. दोघे मिळून पुढचा जाडजूड गडी हलवतात आणि मग एकजण सुटून लाइनबॅकरवर, म्हणजे बचावाच्या मागच्या फळीतल्या गड्यावर, जातो. कोचचं वाक्य ठरलेलं: चार हात एकावर, चार डोळे दुसऱ्यावर. कोणी सुटायचं ते लाइनबॅकर ठरवतो. तो ज्याच्या बाजूला आला, त्याने जायचं. लवकर सुटलं तर पुढचा गडी दोघांच्या मधून घुसतो. उशिरा सुटलं तर लाइनबॅकर मोकळा येऊन धावणाऱ्याला जागीच पाडतो. ही वेळ सांगून कळत नाही. त्याच दोघांनी एकमेकांच्या कुल्ह्याला कुल्हा लावून शेकडो वेळा केल्यावर कळते, म्हणूनच लाइनमध्ये कोणाचीही अदलाबदल करायला कोच नाखूष असतात.

पासचं तंत्र उलटं: मागे सरकत लढायचं. टॅकल बाहेरचा पाय मागे फेकतो, आतल्या पायाने जमीन ढकलतो, आणि दोन पायांतलं अंतर कायम ठेवतो. पाय एकमेकांजवळ आले किंवा ओलांडले की संपलं. आतली वाट कधीच द्यायची नाही, क्वार्टरबॅककडे जायला तीच सगळ्यांत जवळची. बाहेरून येणाऱ्या चपळ गड्याच्या धास्तीने नवखा टॅकल खांदे साइडलाइनकडे वळवतो, आणि तो हुशार गडी बरोबर आतून निघून जातो. हातांचं म्हणाल तर कोपरं बरगड्यांजवळ, अंगठे वर, पंजे समोरच्याच्या छातीवर. आधी मारले की तो हात झटकून टाकतो, उशिरा मारले की त्याचे पंजे आपल्या छातीत. दोन्ही हात एकदम मारण्याचा मोह आवरायला शिकवतात, कारण एक हात चुकला तर दुसरा शिल्लक राहतो. आणि डोकं मागे. डोकं पुढे गेलं की अंग त्याच्या मागोमाग जातं.

होल्डिंगची, म्हणजे समोरच्याला हातांनी धरून ठेवण्याची, शिक्षा दहा यार्डांची. टीव्हीवर सगळे हातांना दोष देतात, पण दहातल्या बहुतेक होल्डिंग पायांमुळेच होतात: पाय मागे पडले, म्हणून हातांनी धरावं लागलं.

समोरचे दोघे मध्येच जागा बदलतात तेव्हा खरी परीक्षा. बाहेरचा आत घुसतो, आतला त्याच्या मागून वळसा घालून बाहेर येतो. गार्ड आणि टॅकल सुरुवातीच्या रेषेपासून सारखेच मागे असतील तर गडी एकमेकांच्या हवाली करता येतात. टॅकल दोन यार्ड मागे आणि गार्ड पुढे असेल तर दोघे एकमेकांवर आदळतात आणि मधून रस्ता. कबड्डीत कोपऱ्यातल्या साखळीतला एक जण अर्धं पाऊल पुढे गेला की रेडर जिथून निसटतो, अगदी तसंच.

हे सगळं सुरू व्हायच्या आधी सेंटर बोलत असतो. मधला लाइनबॅकर कोण मानायचा हे तो बोट दाखवून जाहीर करतो आणि त्यावरून पाचही जणांचे हिशेब ठरतात. परक्या मैदानावर गोंगाटात काही ऐकू येत नाही, तेव्हा गार्ड मागे वळून क्वार्टरबॅकची खूण बघतो, सेंटरला थाप मारतो, आणि सेंटर ठरलेला क्षण थांबून बॉल देतो. टॅकलला मात्र बॉल हलल्यावरच निघता येतं. तो घाईने आधी हलला की पाच यार्ड दंड.

मॅचनंतर रेकॉर्डिंग बघून प्रत्येक प्लेला प्रत्येकाला गुण मिळतात: काम बरोबर केलं का, तंत्र बरोबर होतं का, शेवटपर्यंत जोर लावला का. त्यासाठी गोलच्या मागून घेतलेलं चित्रण वापरतात. टीव्हीच्या बाजूच्या कोनातून पायांमधली अंतरं दिसतच नाहीत.

वेळ मात्र मोजकाच. हंगामात आठवड्याला २० तास, वसंतात १५ सराव. त्यातला लाइनच्या कोचला फक्त आपल्या मुलांसाठी मिळणारा भाग दिवसाला काही मिनिटांचा. म्हणून पहिलं वर्ष बहुतेकांचं बाहेर बसण्यात जातं. पाच वर्षांत चार हंगाम खेळायची पद्धत होती, आणि २०१८पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही हंगाम राखून ठेवता येऊ लागला. वर्फ्ससारखा पहिल्याच वर्षी टॅकल म्हणून उतरणारा विरळा. तयार पोरं एकदम गेली तर काय होतं हे २०२२मध्ये दिसलं: लिंडरबॉम नुकताच गेला होता, लाइन कच्ची होती, आणि यार्डांच्या हिशेबात आयोवाचं आक्रमण १३१ संघांत १३०वं आलं. सगळा दोष लाइनचा नव्हता, पण कच्च्या लाइनमागे कुठलीच योजना धड चालत नाही. दोनच वर्षांनी तीच मुलं मुरली आणि केलेब जॉन्सनने त्यांच्या मागून १,५३७ यार्ड काढले.

या पद्धतीवर मोठं संकट ट्रान्सफर पोर्टलचं, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीचं, आहे. तीन वर्षं घडवलेला गार्ड चौथ्या वर्षी जास्त पैसे देणाऱ्या विद्यापीठात जाऊ शकतो, तेही एक वर्ष न थांबता. तयार खेळाडू विकतही घेता येतो, पण शेजाऱ्याच्या कुल्ह्याची ओळख त्याच्यासोबत येत नाही. पोर्टलमधून आणलेल्या लाइन सप्टेंबरमध्ये अडखळतात त्यामागे हेच कारण असतं, असं आमचं मत.

घरून बघायचं असेल तर पहिल्या दहा मिनिटांत फक्त सेंटर आणि त्याच्या उजव्या गार्डकडे लक्ष ठेवा. प्ले संपल्यावर त्यांची हेल्मेटं सुरुवातीच्या रेषेच्या पुढे आहेत की मागे, एवढंच बघा. इथे सकाळी अकराला सुरू होणारी मॅच भारतात रात्री साडेनऊला लागते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं मागे जातात, त्यानंतर साडेदहाला.