शॅडो मुळात कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बाबूराव अर्नाळकरांच्या काळापहाडच्या रहस्यकथा वाचत वाढलेली माणसं मला हमखास विचारतात: अमेरिकन पल्प (स्वस्त कागदावरच्या, थरारकथांच्या) मासिकांतला तो काळ्या डगल्यातला शॅडो खरा कोण, आणि गुंडांच्या मागे हात धुऊन का लागतो?

'लॅमॉन्ट क्रॅन्स्टन, बडा श्रीमंत,' हे झालं रेडिओवर नंतर आलेल्या शॅडो-नाटकांतलं उत्तर. मासिकात क्रॅन्स्टन हा वेगळाच इसम आहे. १९३१च्या एका कादंबरीत शॅडो रात्री त्याच्याच रूपात त्याच्या खोलीत येतो आणि थंडपणे बजावतो: परदेशी निघून जा, तुझं नाव मला हवंय, हुज्जत घातलीस तर तुझ्याच घरातून तुलाच तोतया म्हणून हाकलतील. बिचारा मुकाट्याने निघतो. ही निव्वळ दांडगाई झाली, पण मला भारी आवडते.

खरं नाव कळायला ऑगस्ट १९३७ उजाडावं लागलं. केंट अलार्ड, पहिल्या महायुद्धातला वैमानिक. युद्ध संपलं, नुसत्या उडण्यात राम उरला नाही, म्हणून गडी ग्वाटेमालाच्या जंगलात विमानासकट गडप झाला आणि गुन्हेगारांच्या मागे लागला. आईबापांचा खून नाही, सुडाची शपथ नाही. (बॅटमनचं पहिलं साहस शॅडोच्याच एका कथेवरून उचललेलं, आईबापांचा खून बॅटमनलाही मागाहून, सहा महिन्यांनी चिकटवला.) माझं म्हणणं विचाराल तर अलार्डला न्यायाची जेवढी चाड आहे, त्याहून जास्त चटक धोक्याची आहे.

आणि नाव एवढं उशिरा का? कारण आधी नुसता आवाज होता. १९३० साली स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशकांनी आपलं गुप्तहेरकथांचं मासिक खपावं म्हणून रेडिओवर कथा सुरू केल्या. निवेदकाचं नाव शॅडो. लोक स्टॉलवर जाऊन 'त्या शॅडोचं मासिक द्या' म्हणू लागले, आणि तसं मासिकच नव्हतं! मग घाईघाईने वॉल्टर गिब्सनला गाठलं. मॅक्सवेल ग्रँट या टोपणनावाने त्याने २८०हून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. गिब्सन स्वतः जादूगार, हूडिनीसाठीही लिहिलेला. असा माणूस पहिल्याच खेळात पेटीचा तळ कशाला दाखवेल?

अलार्डचं नाव फोडल्यावरही गिब्सनने ते फार कुरवाळलं नाही. पुढच्या बहुतेक कथांत शॅडो पुन्हा क्रॅन्स्टनच्याच वेषात क्लबात बसून पोलीस कमिशनरच्या गप्पा ऐकतो.