उभ्याने घेतलेलं बीपी

लंडनमध्ये मी ज्या वॉर्डात नर्स आहे, तिथे स्मृतिभ्रंशाच्या पेशंटचं बीपी एकदाच घेऊन भागत नाही. आधी आडवं असताना, मग उभं राहिल्यावर एका मिनिटाने, पुन्हा तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला की डॉक्टरांना कळवायचं. ठाण्यात, नौपाड्याला राहणाऱ्या माझ्या आत्यालाही हाच आजार आहे. तिचं बीपी मात्र आजवर खुर्चीत बसवूनच घेतलं गेलंय. उठताना तिला गरगरतं, तर घरचे म्हणतात, "अशक्तपणा आहे." म्हणून हे लिहायला घेतलं.

आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे उतरतं. मानेतल्या धमन्यांजवळचे मज्जातंतू ही खबर मेंदूच्या बुडाशी पोचवतात. तिथून हुकूम सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, ठोके वाढतात. लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात ही यंत्रणाच बिघडते. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो सुमारे २० टक्के. म्हणून रक्त जरा कमी पोचलं की गरगरतं.

कवटीच्या आतला कारभार तर मला त्याहून विलक्षण वाटतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे जास्त रक्त येतं, हे रॉय आणि शेरिंग्टन या शास्त्रज्ञांनी १८९० मध्येच मांडलं होतं. चेतापेशी आपल्यापुरतं रक्त मागवून घेतात. अल्झायमर या प्रकारच्या स्मृतिभ्रंशात मात्र वाटच अरुंद होते. केशवाहिन्यांना बिलगलेल्या पेरिसाइट नावाच्या पेशी अमिलॉइड या मेंदूत साचणाऱ्या प्रथिनामुळे आकसतात आणि वाहिनी आवळून धरतात. हे दाखवणारं संशोधन २०१९ मध्ये इथल्याच युनिव्हर्सिटी कॉलेजातून आलं. शिवाय ॲसिटिलकोलीन हे निरोप पोचवणारं रसायन सोडणाऱ्या ज्या चेतापेशी आठवणींसाठी लागतात, त्याच मेंदूतल्या वाहिन्या रुंदावायलाही मदत करतात. या आजारात त्याही झडत जातात.

"अगं, लक्ष दे ना जरा!" असं आत्याला कुणी ओरडलं की माझा जीव तुटतो. ओरडून त्या वाहिन्या उघडणार आहेत का?

आत्येभावाला मी फोनवर सांगितलंय: सकाळी तिला आधी पलंगाच्या काठावर बसव, पाय हलवू दे, मग हात धरून उठव. डॉक्टरांना उभ्यानेही बीपी घ्यायला सांग. सगळ्या गोळ्यांची यादी सोबत ने, कारण काही गोळ्यांनी उभं राहताना बीपी आणखी उतरतं. पण आपल्या मनाने एकही बंद करू नकोस. आणि तलावपाळीला फेऱ्या मारणाऱ्या चाळिशी-पन्नाशीतल्या मंडळींनो, तुमचं बीपी आत्ताच तपासा. मध्यम वयात वाढलेलं बीपी पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतं, आणि ते आटोक्यात ठेवता येतं.