चेतक १:७ : शेपटीची थरथर अखेर सापडली

मंडळी, सापडलं! चेतक हेलिकॉप्टरचं १:७ प्रमाणातलं, रिमोटवर उडणारं मॉडेल मी बनवतोय. पाच आठवडे त्याच्या शेपटीच्या ज्या थरथरीनं माझी झोप उडवली होती, तिचं मूळ परवा हाताला लागलं. आज सकाळी सिन्नरच्या पुढच्या माळावर चेतक १३५० हेडस्पीडला (मुख्य रोटरचे मिनिटाला फेरे) सात मिनिटं चाळीस सेकंद हॉवरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी, उभं राहिलं. टेल जागची हलली नाही. उतरवल्यावर बॅटऱ्या काढायच्याआधी मी तिथंच मातीत बसलो. एवढा आनंद तर पहिल्या ऑटोरोटेशनलाही (मोटर बंद करून उतरवण्याला) झाला नव्हता.

मागच्या नोंदीत तीन ब्लेडच्या हेडपर्यंत आलो होतो, त्यामुळे ते आधी उरकतो. ट्रॅकिंग, म्हणजे तिन्ही ब्लेडची टोकं एकाच पातळीत फिरणं, जुळलं. टोकांना लाल, पिवळी आणि निळी टेप लावली. निळं ब्लेड खालून जात होतं, त्याची लिंक अर्धा फेरा उघडली आणि तिन्ही रंग एका रेषेत आले. फेजिंगनं जास्त वेळ खाल्ला. पुढे स्टिक दिली की मशीन नाक खाली घालताना थोडं उजवीकडेही कलायचं. एफबीएलमध्ये (मशीन सावरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरमध्ये) स्वॉशप्लेट, म्हणजे ब्लेडचे कोन बदलणारी तबकडी, १२ अंश फिरवून दिली तेव्हा सरळ चालायला लागलं. दोन ब्लेडच्या हेडवरून येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, सायक्लिक गेन (एफबीएल मशीनचा कल किती जोरानं सावरतं तो आकडा) आधी खाली आणा. माझा ६० टक्क्यांवर आला आहे आणि अजून थोडा उतरेल असं वाटतंय.

आता शेपटी. १२०० हेडस्पीडला सगळं ठीक होतं. पण ८.६ किलोचं धूड १२०० वर जरा वारा आला की टेलला पुरत नाही, म्हणून मला १३५० हवे होते. आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. १३५० ला टेल बूममध्ये, म्हणजे शेपटीच्या नळीत, बारीक, कडक थरथर यायची. मागचा आडवा पंख आणि त्याच्या टोकांचे फिन डोळ्यांना पुसट दिसायचे. अर्ध्या मिनिटात नाक एका दिशेला धरून ठेवणारा गायरो भरकटायला लागायचा आणि नाक हळूहळू डावीकडे सरकायचं.

कंपनांचा लॉग काढला तर १०३ हर्ट्झला (सेकंदाला १०३ कंपनं) एकच सुळका, ०.९ जी. हिशोब सोपा आहे. १३५० फेरे म्हणजे सेकंदाला २२.५. मुख्य रोटरचा दोष असता तर सुळका २२.५ ला आला असता, तीन ब्लेडांचा ठोका असता तर ६७.५ ला. टेलचा रेशो ४.६, म्हणजे टेल ६,२१० आरपीएमला फिरते, सेकंदाला १०३.५. तेव्हा दोष टेलचा, एवढं पहिल्याच दिवशी ठरलं. आणि इथूनच मी वाट चुकलो.

टेल म्हटल्यावर मी टेल रोटरच धरून बसलो. ब्लेड तोलले, मग बदललेच. ग्रिपची बेअरिंगं बदलली, थ्रस्ट बेअरिंग उलटं तर बसलं नाही ना ते पाहिलं. टेल शाफ्ट नवा घातला. गायरोखालची टेप बदलली, मग दुपदरी केली, मग मध्ये पितळेची पट्टी घातली. बॉडीचा मागचा कोन बूमला कुठं घासतोय का म्हणून आतून खडू लावून पाहिला. प्रत्येक बदलानंतर माळावर जायचं आणि तोच सुळका घेऊन परत यायचं. आमच्या नाशिकमध्ये गांधीनगरची लष्करी धावपट्टी एका बाजूला आणि ओझरचा विमानतळ दुसऱ्या बाजूला, त्यामुळे नकाशावरचा हिरवा, म्हणजे उडवायला मोकळा, पट्टा गाठायला मला पाऊण तास गाडी चालवावी लागते. रविवार आणि सुट्ट्या मिळून असे अकरा दिवस गेले.

शेवटी मुख्य आणि टेल, दोन्हीकडचे ब्लेड काढून मशीन बाकाला घट्ट बांधलं आणि नुसतं मेकॅनिक्स १३५० ला फिरवलं. सुळका तिथंच, १०३ ला! टेलवर ब्लेडच नाहीत तरीही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की त्याच वेगानं अजून एक वस्तू फिरते, आणि ती म्हणजे टॉर्क ट्यूब, बूमच्या आतून टेलपर्यंत फिरणं पोचवणारी नळी. माझ्या गिअरबॉक्सचा रेशो मागे एकास एक आहे, म्हणजे टेल शाफ्ट आणि ट्यूब यांचा आकडा एकच येणार. लॉग कधीच चुकीचं सांगत नव्हता, मीच त्यातून अर्धं वाचत होतो.

ही ट्यूब मूळ किटची नाही, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. बॉडीत गिअरबॉक्स बसायची जागा जुळावी म्हणून बूम कापून घेतला तेव्हा ट्यूबही नवी केली. १० मिमी बाहेरचा व्यास, १ मिमी जाडी, अॅल्युमिनियम. ती काढून काचेवर लोळवली तर सरळ. काचेवर माझा विश्वास बसेना म्हणून अंबडला आमच्या लेथवाल्या मामांकडे घेऊन गेलो. व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून त्यांनी वाक मोजणारा डायल लावला. काटा ०.०४ मिमीच्या पुढे गेला नाही. एक डायल आणि दोन व्ही-ब्लॉक घरात ठेवाच. काचेवर लोळवून फक्त काठी वाकलेली आहे की नाही एवढंच कळतं.

"दादा, पाइप एकदम सरळ आहे," मामा म्हणाले. "कितीवर फिरवता?"

"सहा हजारावर."

त्यांनी ट्यूब हातात आडवी धरून एकदा लांबी पाहिली. "एवढा लांब? आणि मध्ये स्टेडी, आधार, कुठंय?"

मी म्हटलं, आहे, बरोबर मध्यावर बेअरिंग आहे.

"मग बघा ते जागेवर आहे का. आमच्याकडे पोरं स्पिंडलच्या मागं लांब बार तसाच सोडतात, आणि चाबकासारखा उडतो. सरळ बार असतो, तरी उडतो."

त्यांचं वाक्य घेऊन मी घरी आलो. ट्यूब काढताना बेअरिंग खुणेपासून सरकलेलं मी आधीही पाहिलं होतं, पण काढतानाच सरकलं असणार म्हणून हातानं परत खुणेवर ढकलायचो आणि ट्यूब आत घालायचो. आता ट्यूब नेहमीसारखी बसवली, टेल बॉक्स मात्र लावला नाही. मोबाइलचा टॉर्च मागून बूमच्या आत मारला आणि संक्रांतीच्या पतंगाची एक लांब कामटी आत सरकवली. कामटी बेअरिंगला टेकली तिथं पेननं खूण केली, बाहेर काढून पट्टीवर धरली. ३५० मिमी. यायला हवे होते ४२५, म्हणजे ८५० च्या निम्मे.

म्हणजे ट्यूब मागून आत ढकलताना रबर बूमला धरून बसत होतं, ट्यूब बेअरिंगमधून पुढे निसटत होती आणि बेअरिंग ७५ मिमी मागे राहत होतं. दोन सारखे गाळे (आधारांमधली मोकळी लांबी) व्हायच्या ऐवजी एक ३५० चा आणि एक ५०० चा झाला होता. दोन्ही टोकं नुसती टेकलेली धरून हिशोब केला. या मापाच्या ट्यूबचा ५०० मिमी मोकळा गाळा आपल्या नैसर्गिक कंपनाला येतो १०२ हर्ट्झच्या आसपास. लॉगमध्ये १०३! तो कागद मी जपून ठेवला आहे.

अनुनाद होता तो, म्हणजे फिरण्याचा वेग ट्यूबच्या नैसर्गिक कंपनाशी जुळला होता. तोल बिघडलेला नव्हताच. आणि त्याची खूण पहिल्या आठवड्यापासून लॉगमध्ये होती. एकदा वैतागून मी १४५० ला फिरवून पाहिलं होतं तेव्हा थरथर चक्क कमी झाली होती. तोल गेलेला असेल तर वेग वाढेल तशी थरथर वाढतच जाते, वेगाच्या वर्गानं. एका वेगाला चढते आणि पुढे उतरते ती नेहमी अनुनादाची. कुणाच्या मशीनला असं होत असेल तर आधी तीन हेडस्पीडचे लॉग एकाखाली एक ठेवा, ब्लेड नंतर बदला. माझे टेल ब्लेडांचे दोन सेट आणि एक शाफ्ट विनाकारण बदलले गेले.

बेअरिंग का सरकलं? तर डिंक धरला नव्हता. लेथवरून आलेल्या ट्यूबवर कटिंग ऑइलचा पातळ थर होता आणि मी तो नुसता फडक्यानं पुसला होता. चूक माझीच. आता ४०० नंबरचा पॉलिश पेपर मारला, अॅसिटोननं तीनदा पुसलं, फडकं पांढरं निघेपर्यंत. मग लॉकटाइट ६४८ आणि चोवीस तास हात लावला नाही. इथं २४३ वापरू नका, ते स्क्रूच्या आट्यांसाठी आहे, गुळगुळीत बसणीसाठी ६४८ च.

आधी बेअरिंग मध्यावर पक्कं करून थांबणार होतो. ४२५ चा गाळा १४२ हर्ट्झला जातो, १३५० साठी पुरेसं आहे. पण नंतर कधी १६०० ला न्यावंसं वाटलं तर? १६०० ला ट्यूब १२३ वर फिरेल, अंतर फारच थोडं उरतं. गाळा अर्धा केला की हा आकडा चौपट होतो, एक तृतीयांश केला की नऊपट. म्हणून दोन बेअरिंगं घातली, २८३ आणि ५६७ मिमीवर. आकडा थेट ३०० च्या वर गेला, तिकडे माझी ट्यूब कधीच पोचणार नाही. मापाचं ६८०० बेअरिंग, १० बाय १९ बाय ५. ज्या ऑनलाइन दुकानातून पहिल्यांदा मागवलं होतं त्यांनी पाकिटावर तोच नंबर छापून आत १५ मिमीची पाठवली आणि परत घ्यायला नकार दिला. आता बेअरिंग मी समोर उभा राहून, कॅलिपर लावूनच घेतो. बेअरिंग बूममध्ये धरणारी डेलरिनची (टणक प्लास्टिकची) कडी मामांनी अर्ध्या तासात काढून दिली. कड्यावरच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, साधं तेल नको, काही रबरं त्यानं फुगतात. आत घातल्यावर कामटीनं दोन्ही मापं पुन्हा घेतली. दोन्ही जागेवर.

आजच्या लॉगमध्ये १०३ ला ०.१२ जी आहे. आडव्या पंखाची कड पंधरा मीटरवरून स्पष्ट दिसत होती.

मधल्या काळात थरथरीचा कंटाळा आला की मी इंजिनावर बसायचो, त्यामुळे डमी आर्टूस्ट, म्हणजे चेतकच्या टर्बाइन इंजिनाची दिखाऊ प्रतिकृती, पूर्ण झालं आहे. चेतकची गंमतच ही की त्याचं टर्बाइन केबिनच्या मागे उघड्यावर असतं. चेतकचं मूळ फ्रेंच रूप अल्युएट-३ पहिल्यांदा उडालं १९५९ साली, तेव्हापासून ते तसंच आहे. मॉडेलवाल्याला यात लपवायला जागा नाही. एक्झॉस्टचा नळकांडा डिओच्या डब्याचा केला आणि गॅसवर तापवून त्याला निळसर-तपकिरी रंग आणला. तो रंग मला इतका खरा वाटतो की टेबलावरून जाता येता हात लावतो. नाशिकरोडला वाढल्यामुळे चेतकचा आवाज शाळेच्या तासांबरोबर ऐकलेला आहे. सर थांबायचे, हेलिकॉप्टर जाऊ द्यायचे, मग पुढचं वाक्य सांगायचे. प्रमाण १:७ निवडलं ते मापासाठी. खऱ्याचा रोटर ११.०२ मीटर, सातानं भागला की १.५७, अगदी ७०० क्लासच्या (साधारण ७०० मिमी ब्लेडच्या) मॉडेलचा. आणि फ्रेंच घराण्याचं असल्यामुळे त्याचा रोटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेनं फिरतो, आपल्या बहुतेक मॉडेलांसारखाच. मेकॅनिक्स उलटं फिरवायची गरजच पडली नाही.

पुढच्या रविवारी पुढे उड्डाण, मोठे आठ आणि पहिला खरा अप्रोच, असा बेत होता. पण हे लिहीत असतानाच एक गोष्ट खटकली. आज हॉवरमध्ये वाऱ्याची झुळूक आली की टेल एकदा हलकेच डावी-उजवी व्हायची आणि मग स्थिर व्हायची. मी गायरोचा गेन वाढवायचं ठरवत होतो. पण टेलचा सर्वो (टेल ब्लेडचा कोन बदलणारी छोटी मोटर) मी वजनाच्या तोलासाठी पुढे नेला आहे, आणि त्याची हालचाल टेलपर्यंत नेणारा पुशरॉड २ मिमी कार्बनचा, फक्त तीन गाइडवर. दाबाखाली लांब काडी मध्ये वाकते, आणि तिथंही हिशोब गाळ्याच्या लांबीच्या वर्गाचाच. सर्वो ढकलतो, काडी फुगते, टेलपर्यंत अर्धंच पोचतं. ओढताना मात्र पूर्ण पोचतं. म्हणजे एका बाजूला टेल सुस्त आणि दुसऱ्या बाजूला चपळ. आजच्या व्हिडिओत पुन्हा पाहिलं, डावीकडून परत यायला खरंच जास्त वेळ लागतोय.

तेव्हा उड्डाण थांबलं. आधी गेन आहे तिथंच ठेवून गाइड तीनाचे पाच करतो, किंवा ४ मिमी कार्बन ट्यूबचाच रॉड करतो. आत्ता उठून टेलचं एक टोक हातानं धरलं आणि ट्रान्समीटरवरून सर्वो ढकलला. दुसऱ्या आणि तिसऱ्या गाइडच्या मध्ये रॉड दीड-दोन मिमी उचलला गेला. डोळ्यांना दिसतोय. कुणी ७०० च्या मशीनवर ४ मिमीचा रॉड लावला असेल तर टोकांना बॉल लिंक कशी बसवली ते सांगा, आट्याचा तुकडा चिकटवून की पिन मारून? माझ्याकडे ट्यूब आहे, ६४८ ची बाटली अर्धी उरली आहे, आणि मामा शनिवारी दुपारपर्यंत असतात.