भरलेलं पिंप

शुक्रवारी सकाळी साडेदहाला लालबागच्या थिएटरचा मागचा लोखंडी जिना चढून मी प्रोजेक्शन केबिनमध्ये पोहोचले, तेव्हा ऑपरेटरकाका मशीनसमोर उदबत्ती ओवाळत होते. आमच्या चित्रपटाचा पहिला खेळ साडेबाराचा होता. मी त्या चित्रपटाची साउंड डिझायनर. इतक्या लहान निर्मितीत ध्वनीच्या माणसाला प्रदर्शनाच्या दिवशी कुणी थिएटरवर पाठवत नाही, मीच हट्टानं गेले होते. दीड वर्ष ज्या आवाजांबरोबर काढलं, ते परक्या माणसांच्या कानांवर कसे पडतात हे मला तिथे उभं राहून बघायचं होतं.

डीसीपी, म्हणजे चित्रपटाची डिजिटल प्रत, आदल्या रात्रीच सर्व्हरवर चढली होती आणि केडीएमही आली होती. केडीएम म्हणजे चित्रपटाच्या कुलपाची किल्ली. ती ठरलेल्या सर्व्हरवर आणि ठरलेल्या तारखांपुरतीच चालते. ती वेळेत आली नाही तर प्रेक्षक खुर्चीत आणि पडदा कोरा अशी वेळ येते. आमची आली होती, त्यामुळे माझं काम उरलं होतं ते आवाजाच्या पातळीचं. मिक्सिंग आम्ही फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची खुंटी, सातवर ठेवून केलं होतं, म्हणजे ८५ डेसिबलच्या प्रमाण पातळीवर. थिएटरात सात सहसा मिळत नाही. जाहिराती आणि ट्रेलर इतके कर्कश बनवलेले असतात की लोक तक्रार करतात, मग ऑपरेटर फेडर साडेचार-पाचवर आणतो आणि चित्रपटही तिथेच चालतो. कुजबुज, श्वास, लांबची लोकल, सगळं त्यात बुडून जातं. काका म्हणाले, "ताई, जास्त वर नेलं तर डावा स्पीकर फाटतो. साडेपाच करू." मी साडेपाचवर राजी झाले.

पुढचं कळायला आमची गोष्ट थोडी सांगायला हवी. चाळीतल्या एका खोलीत एकटा राहणारा म्हातारा सकाळी मेलेला सापडतो. डॉक्टरांच्या मते मृत्यू मध्यरात्रीच्या आधीचा. पुतण्या सांगतो, मी आठ वाजता आलो, दार ढकललं, काका पडलेले दिसले. पंचनाम्याच्या प्रसंगात हवालदार मोरीतल्या पिंपावर सहज काठी आपटतो आणि पुढे जातो. ते पिंप काठोकाठ भरलेलं आहे. चाळीत पाणी येतं पहाटे साडेचार ते सहा. म्हाताऱ्यानं दिवसभर वापरलेलं पिंप सकाळी भरलेलं असेल, तर पहाटे त्या खोलीत कुणीतरी होतं आणि त्यानं पाणी भरलं. आमच्या इन्स्पेक्टरला हे उमगतं तब्बल सव्वा तासानंतर, आणि तिथेच रहस्य उलगडतं.

चित्रीकरण गिरगावातल्या एका चाळीत एकोणीस दिवसांत उरकलं होतं. भाड्याची माणसं, उसने दिवे, शेजारच्या बिऱ्हाडातून येणारा चहा. पिंप मात्र खरं होतं आणि त्यातलं पाणीही. मी तिथे रिकाम्या पिंपावर काठी मारून ध्वनिमुद्रण केलं, भरलेल्यावरही केलं. रिकामं 'ठण्ण' वाजतं आणि घुमत राहतं. भरलेलं 'धप' करतं आणि तिथल्या तिथे थांबतं. चित्रपटात 'धप' ठेवलं, कारण पिंप भरलेलं होतं. मिक्सिंगला आम्ही सहाजण बसलो होतो, तो प्रसंग चाळीसेक वेळा तरी ऐकला असेल. सहाजणांपैकी एकालाही त्या आवाजानं चाहूल लागली असं वाटलं नाही. दिग्दर्शक खूश होता. धागा प्रेक्षकांच्या समोर ठेवायचा आणि तरी तो दिसू द्यायचा नाही, हेच त्याला हवं होतं.

साडेबाराच्या खेळाला साठेक माणसं आली. निवृत्त पुरुष, भाजी घेऊन परस्पर आलेल्या बायका, मागे कॉलेजची चार मुलं. हा गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानं इथल्या घरांचं जे केलं ते सांगायला नको. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, पण या थिएटरात दुपारच्या खेळाला अजून त्याच घरांतली माणसं येतात. मी उजवीकडच्या भिंतीला टेकून उभी होते. तिथून पडदा तिरका दिसत होता आणि चेहरे सरळ.

पंचनाम्याचा प्रसंग आला. हवालदारानं काठी मारली. धप.

"अहो, पिंप भरलंय हो," तिसऱ्या रांगेतल्या एका बाई म्हणाल्या.

शेजारचे गृहस्थ कानाला हात लावून म्हणाले, "काय?"

"पिंप! भरलेलं आहे! काठोकाठ!"

हे सगळ्या थिएटरनं ऐकलं. पुढच्या रांगेतली दुसरी बाई मागे वळून म्हणाली, "म्हातारा तर रात्रीच गेला ना? मग पाणी कोणी भरलं?" आणखी कुणीतरी म्हणालं, "पुतण्यानं." चित्रपट सुरू होऊन तेवीस मिनिटं झाली होती.

माझे हातपाय गार पडले. रहस्यपट करणाऱ्याला यापेक्षा वाईट काय ऐकायला मिळणार? आणि ते घडलं होतं माझ्या आवाजामुळे. पिंपाचं झाकण लावलेलं होतं, आत पाणी आहे की नाही हे पडद्यावर कुठेच दिसत नव्हतं. त्या बाईंना ते फक्त ऐकू आलं होतं. लोक आता उठून जातील, असं वाटून मी दाराकडे बघत राहिले.

कुणी उठलं नाही.

मध्यंतरात मी चहाच्या टपरीशी त्या जोडप्याजवळ जाऊन उभी राहिले. मी ध्वनीचं काम केलंय हे सांगितल्यावर बाईंनी माझा हातच धरला. त्यांचे यजमान गिरणीत साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, होते, संप होईपर्यंत चौदा वर्षं. शेकडो साचे एकदम चालत त्या आवाजानं त्यांचे कान गेले. म्हणून कुठेही गेलं की बाई त्यांना ऐकू आलेलं मोठ्यानं सांगतात, सिनेमा असो की कीर्तन. "लोक रागावतात गं, पण त्यांनी काय नुसती चित्रं बघायची?" मग त्यांनी विचारलं, "ते पिंप खरंच भरलेलं होतं, की तुम्ही मशीनवर आवाज काढलात?" मी म्हटलं, भरलेलं होतं. त्यांनी मान हलवली. "वाटलंच. झोपेतसुद्धा कळतं. मी आठ वर्षांची असल्यापासून पाणी भरतेय."

शेजारी एक निवृत्त हवालदार उभे होते. त्यांचं म्हणणं वेगळं. पहिलं म्हणजे आमचा इन्स्पेक्टर '३०२ लावतो' म्हणतो, तर १ जुलै २०२४ पासून खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ आहे आणि आमच्या गोष्टीतल्या भिंतीवर त्यानंतरचं कॅलेंडर आहे. दुसरं, शेवटाकडे पुतण्या पोलीस ठाण्यात कबुली देणार हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. ते म्हणाले, "पोलिसासमोरची कबुली कोर्टात शाबीत करता येत नाही. आरोपीच्या सांगण्यावरून काही वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरतंच बोलणं चालतं. काय सापडणार ते दाखवा." दोन्ही मी मोबाइलमध्ये लिहून घेतलं. पंचनामा त्यांना आवडला. पंचांना सही करायला पेन सापडत नाही, हे त्यांनी अनेकदा पाहिलेलं होतं म्हणे.

उत्तरार्ध मी आयुष्यभर विसरणार नाही. गुन्हेगार कोण हे सगळ्यांना माहीत होतं आणि तरी माणसं खुर्चीत पुढे सरकून बसली होती. इन्स्पेक्टर त्या खोलीत परत जातो, मोरीजवळ थांबतो, तेव्हा चार-पाच आवाज एकदम आले, "अरे, पिंप बघ!" तो न बघता वळतो, तर अख्ख्या थिएटरनं चुकचुकाट केला. आमच्या सगळ्यात खर्चिक प्रसंगाला, उड्डाणपुलाखालच्या पाठलागाला, तीन-चारजण बाहेर जाऊन आले. त्या एका रात्रीवर बजेटचा मोठा हिस्सा गेला होता आणि मीही टायरांच्या किंचाळण्यावर आठवडा घालवला होता. तो पाठलाग चांगला होता असं मला कालपर्यंत वाटायचं. तिथे उभं राहून बघताना तो दुसऱ्या कुणाच्या तरी चित्रपटातून उचलून आणल्यासारखा दिसला.

मग उलगड्याचा प्रसंग आला. इन्स्पेक्टर थबकतो, संगीत चढत जातं, पिंप चार वेळा चमकून जातं. "कळलं एकदाचं," मागून कुणीतरी म्हणालं आणि सुस्कारा सोडला. धक्का कुणालाच बसला नाही. त्यानंतर येते ती पहाट. पुतण्या रात्रभर प्रेताशेजारी भिंतीला टेकून बसलाय. पळायचं त्राण नाही. दिग्दर्शकानं इथे त्याच्या हातात बिडी दिली होती, पण २ ऑक्टोबर २०१२ च्या नियमांनुसार बिडी दिसली की पडद्यावर इशाऱ्याची ओळ झळकवावी लागते. त्या अंधारात ती पांढरी ओळ नको म्हणून बिडी कापली आणि तिथे नुसता बसलेला माणूस उरला. संगीत नाही, संवाद नाही. नळातून आधी हवा फुसफुसते, मग पाईप गुरगुरतो, पाण्याची धार फुटते. पुतण्या उठतो. नळी लावतो. पिंप भरायला लागतं. लहानपणापासून काकांचं पाणी तोच भरत आलेला आहे.

पिंप भरतानाचा आवाज मी एकसंध घेतलेला आहे. आधी खोल, पोकळ, मग पाणी चढतं तसा सूर बारीक होत जातो. दिग्दर्शकाला तो लांब वाटला होता, भांडून मी एक मिनिट दहा सेकंद राखून घेतला होता. थिएटरात छताचे पंखे ऐकू येत होते, इतकी शांतता. कॉलेजच्या मुलांचे मोबाइल विझलेले. आणि त्या शांततेत बाई यजमानांना म्हणाल्या, या वेळी मोठ्यानं नाही, जवळजवळ त्यांच्या कानाला लागून, "पाणी आलं की हात जातोच."

त्यांना ते ऐकू आलं असावं. त्यांनी मान डोलावली.

संध्याकाळी मी अंधेरीच्या एका मल्टिप्लेक्समध्ये गेले. पावणेआठचा खेळ, वीस-बावीस माणसं, उत्तम स्पीकर, डावा-उजवा सगळा शाबूत. 'धप' लालबागपेक्षा कितीतरी स्वच्छ उमटलं. कुणाची मान हलली नाही. पाठलागाला दोघंतिघं ताठ बसले. उलगड्याला मागून "ओह!" आलं, जसं दिग्दर्शकानं योजलं होतं अगदी तसं. बाहेर पडताना एक मुलगा मित्राला म्हणत होता, "ट्विस्ट भारी होता, पण पिंप रात्रीच भरून ठेवलेलं असू शकतं ना?" मित्र म्हणाला, "असेल." पहाटेच्या प्रसंगात पुढची मुलगी मेसेज वाचत होती.

मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतः डोंबिवलीत गच्चीवर टाकी असलेल्या इमारतीत वाढले. नळ सोडला की पाणी. मुंबईला सात तलावांतून पाणी येतं हे मी शाळेत पाठ केलं होतं, पण पालिकेचा चावीवाला व्हॉल्व्ह फिरवतो आणि त्या दीड तासात घराचा दिवस ठरतो, हे मला गिरगावच्या त्या चाळीत चित्रीकरणाला गेले तेव्हा समजलं. तिथल्या एका काकूंनी आमच्या कलादिग्दर्शकाला बजावलं होतं की सकाळची खोली दाखवताय तर पिंप भरलेलं ठेवा, रिकाम्या पिंपाच्या घरात कुणी असं निवांत बसत नाही.

रात्री साडेअकराला दिग्दर्शकाचा फोन आला. लालबागची बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली होती. "पहिल्या वीस मिनिटांत खुनी कळतोय. ते धप जरा दाबता येईल का? पुढच्या आठवड्यापासून नवी डीसीपी लावू."

करता आलं असतं. त्या एका रीळाची नवी फाइल, नव्या केडीएम, आणि प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटातला बदल म्हणून मंडळाला कळवणं. पैसे नव्हते, पण त्यानं कुठून तरी उभे केले असते. मी त्याला विचारलं, "तू आज कुठला खेळ पाहिलास?" त्यानं कुठलाच पाहिला नव्हता, त्याला धीर झाला नव्हता. मग मी त्याला पहाटेच्या प्रसंगाचं सांगितलं. ज्यांना सगळं आधी कळलं होतं तीच माणसं त्या एका मिनिटात श्वास रोखून बसली, आणि ज्यांना धक्का बसला ती शेवटच्या पाट्या सुरू व्हायच्या आत उठली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण रहस्यपट आहे रे आपला." मला त्याच्या आवाजातली भीती कळत होती. त्याच्या आईचे दागिने या चित्रपटात आहेत. "उद्या साडेबाराला लालबागला ये," मी म्हटलं. "उजवीकडच्या भिंतीशी उभा राहा. पडद्याकडे बघू नकोस."

फोन ठेवल्यावर झोप येईना. लॅपटॉप काढून मिक्सचं सेशन उघडलं, पंचनाम्याच्या प्रसंगावर गेले. धपचा ट्रॅक तीन डेसिबलनं खाली आणला आणि हेडफोनवर ऐकला. पिंप भरलेलं आहे की रिकामं, ते आता सांगता येत नव्हतं. पुन्हा एकदा ऐकून खात्री केली, मग तो होता तिथे नेऊन ठेवला.