सोलापूरचा रीफ टँक: एप्टेशियाची मोहीम, थंडी ते पावसाळा

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आजची स्थिती आधी सांगतो. डिस्प्ले टँकमध्ये, म्हणजे समोरच्या मुख्य टाकीत, एप्टेशिया (खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ टँकमध्ये तणासारखा पसरणारा छोटा समुद्री अ‍ॅनिमोन) शोधूनही दिसत नाही. संपमध्ये (फिल्टरच्या खालच्या टाकीत) आहेत, आणि तिथे थोडेफार राहणारच हे धरून चाललोय. मजानो या दुसऱ्या उपद्रवी अ‍ॅनिमोनचा एक झुपका मात्र मागच्या दगडावर अजून ठाण मांडून बसलाय.

टँक तीन फुटी आहे. दगड-वाळू वजा जाता संपसकट पाणी 180 लिटरच्या आसपास. मासे म्हणजे दोन क्लाउन, एक गोबी, बाकी सगळं सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ): झोआ, मश्रूम, एक लेदर. दर वेळी कुणीतरी विचारतंच म्हणून लिहितो, हार्ड कोरल ठेवत नाही. आपल्याकडे दगडी प्रवाळ 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. दगडही समुद्रातला नाही, ड्राय रॉकच आहे.

हिवाळा

पाहुणा, म्हणजे पहिला एप्टेशिया, आला झोआच्या फ्रॅगवरून (लावायला आणलेल्या तुकड्यावरून), तो ज्या चकतीवर बसवतात त्या प्लगच्या खालच्या बाजूला चिकटून. पहिल्यांदा दिसला तेव्हा नखाएवढाही नव्हता. काचेला नाक लावून भिंगातून पाहिलं तर पारदर्शक तपकिरी खोड, त्यावर लांब, टोकाकडे निमुळते होत गेलेले हात आणि मधोमध फट पडावी तसं तोंड. काचेवर हाताची सावली पडली की क्षणात भोकात गुडुप. या आत ओढून घेण्याच्या सवयीमुळेच तो हाती लागत नाही.

नव्या मंडळींचा हात पहिल्यांदा चिमट्याकडे जातो. कृपा करून नको. एप्टेशिया सरकताना किंवा ओढला जाताना तळव्याचे बारीक तुकडे दगडावर सोडतो आणि त्या प्रत्येक तुकड्यातून नवा उभा राहतो. त्याला नर-मादीची, अंड्यांची वाट बघावी लागत नाही. डिवचलं की अंगातून पांढरे, डंखाच्या पेशींनी भरलेले धागेही बाहेर टाकतो. शेजारच्या झोआला ते लागले की झोआ मिटून बसतात. सहज मरत नाही आणि एकापासून अख्खी वसाहत होते, म्हणूनच प्रवाळांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांचा तो लाडका. 2015 साली त्याचा जीनोमही प्रसिद्ध झाला. आपल्याला नकोसा झालेला प्राणी तिकडे मुद्दाम वाढवतात.

सगळ्यात आधी खाणं कमी केलं. हे कंटाळवाणं काम आहे आणि कुणाला आवडत नाही, पण माझ्या मते निम्मी लढाई इथेच आहे. फ्रोझन मायसिस (माशांचं गोठवलेलं खाणं) आरओच्या पाण्यात वितळवायचं, गाळणीत धुवायचं, गाळलेलं पाणी बेसिनमध्ये ओतायचं आणि मासे दोन मिनिटांत संपवतील तेवढंच टाकायचं. कोरलची पावडर पूर्ण बंद. झोआ-मश्रूम प्रकाशावर मजेत जगतात, त्यांना त्या पावडरीची गरज नव्हती. ती खात होता एप्टेशिया.

चुन्याची पेस्ट

मोठ्या एप्टेशियांसाठी कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच चुना. बाजारात तयार औषधं मिळतात आणि चांगली असतात, पण इथे मागवायची म्हणजे वाट बघणं आलं. चुना मात्र रसायनांच्या दुकानात शुद्ध मिळतो. पानटपरीवरचा वापरू नका, त्यात काय काय मिसळलंय कुणास ठाऊक.

कृती अशी. लाटा करणारा वेव्हमेकर, संपमधून पाणी वर चढवणारा रिटर्न पंप, फेसातून घाण काढणारा स्किमर सगळं बंद. हातात ग्लोव्हज, डोळ्यांवर गॉगल, कारण हा चुना डोळ्यात गेला तर दवाखानाच. आरओच्या पाण्यात तो पानाला लावतात त्या चुन्याइतका दाट कालवायचा. इन्शुलिनची सुई फार बारीक, लगेच तुंबते. 5 मिलिची सिरिंज आणि जाड सुई घ्या. खोल जायचं असेल तर पुढे एअरलाइनची कडक नळी लावा. सिरिंज वरून न आणता बाजूने, सावकाश आणायची. टोक तोंडाच्या अगदी जवळ आलं की हळू दाब द्यायचा. तो मिटू लागतो तेव्हा थांबायचं नाही, ज्या भोकात तो शिरतोय ते भोक पेस्टने बुजवायचं. अर्धवट भाजलेला एप्टेशिया काही दिवसांनी पिल्लांसकट परत येतो.

त्यानंतर पंधरा मिनिटं काहीही करायचं नाही. क्लाउन येऊन डोकावतात, त्यांना काचेवर टकटक करून दूर ठेवायचं. मग बारीक पाइपने उरलेला पांढरा गाळ ओढून घ्यायचा आणि पंप चालू करायचे. पंप आधी चालू केले तर तोच चुना शेजारच्या झोआवर बसतो. माझ्याकडे एका झोआ कॉलनीच्या कडेला जरासा बसला होता, तेवढे पॉलिप बरेच दिवस उघडले नाहीत.

एका बैठकीत किती मारायचे? हिशेब सोपा आहे. 180 लिटर पाण्यात एक ग्रॅम चुना अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद, मोजायचं एकक डीकेएच) साधारण 0.4 डीकेएचने वाढवतो आणि पीएचही वर ढकलतो. मी कोरड्या चुन्याचं वजन करून दोन ग्रॅमची मर्यादा ठेवली, आणि पुढची बैठक पीएच पूर्वपदावर आल्यावरच. एका रात्रीत सगळे संपवायची खुमखुमी येते. ती आवरा.

लिंबाच्या रसाचंही बरेच जण सांगतात. लहानांवर चालतो, मोठे झेलतात. उकळतं पाणी सिरिंजमधून टँकच्या पाण्यात जाईपर्यंत कोमट होतं, त्यामुळे दगड बाहेर काढल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. सुपरग्लू जेलने भोक बुजवलं तर पठ्ठ्या बाजूच्या भोकातून डोकं काढतो.

होळीच्या आधी कोळंबी

एप्टेशिया खाणाऱ्या पेपरमिंट श्रिम्प, म्हणजे कोळंब्या, उन्हाळ्याआधीच आणून घेतल्या. मुंबईहून एक मित्र सिद्धेश्वर एक्स्प्रेसने येत होता, त्याच्या सीटखाली थर्माकोलचा डबा. रात्रीची गाडी, सकाळी सोलापूर, त्यामुळे पाणी तापायचा प्रश्नच आला नाही. स्टेशनवर डबा हातात देताना म्हणाला, "काय बे, झिंगे आणायला लावतोस, भाजी कधी करणार?"

घेताना एक गोष्ट तपासा. कॅमल श्रिम्प दिसायला जवळपास तशीच, पण तिच्या पाठीला ठळक कुबड आणि अंगावर लाल पट्ट्यांच्या मधून पांढऱ्या रेघा असतात. पेपरमिंटच्या अंगावर पांढरं नसतं. कॅमल घरी आली तर ती एप्टेशिया सोडून तुमचे झोआ आणि मश्रूम खाईल. दुकानात दोन्ही एकाच नावाने विकल्या जाताना मी पाहिल्यात, त्यामुळे लेबलवर जाऊ नका, फोटो मागा.

कोळंबीला सॅलिनिटीचा झटका सोसत नाही. थेंब थेंब पाणी देत सावकाश मुरवा. कधीकाळी तांब्याचं औषध टाकलेल्या टँकमध्ये सोडूच नका.

दिवसभर त्या दगडामागे लपतात. रात्री लाल टॉर्चने पाहिलं तेव्हा एक कोळंबी छोट्या एप्टेशियाचे हात एकेक करून तोडून तोंडात घालताना दिसली. मोठ्याच्या वाटेला मात्र कुणी गेली नाही. म्हणजे कामाची वाटणी ठरली: मोठे माझे, पिल्लं त्यांची. आणि खाणं कमी केल्याचा फायदा इथे पुन्हा होतो, पोट भरलेली कोळंबी एप्टेशियाकडे ढुंकूनही बघत नाही. सगळ्याच कोळंब्या खातात असंही नाही. माझ्यातली एक अजून नुसती फ्लेकवर जगते.

बर्घिया या समुद्री गोगलगाईबद्दल तुमच्यापैकी काहींनी विचारलं होतं. ती खातेच फक्त एप्टेशिया, आणि त्याचे डंख पचवण्याऐवजी स्वतःच्या पाठीवरच्या शिंगांत साठवते. भन्नाट प्राणी आहे. पण एप्टेशिया संपले की उपाशी मरते, आणि माझ्या कोळंब्या तिची अंडी शिल्लक ठेवतील याचा भरवसा नाही. फाइलफिश हा मासा एप्टेशियाबरोबर झोआही कुरतडू शकतो. एप्टेशियासाठी आणतात तो दुसरा मासा कॉपरबँड, पण त्याला तीन फुटांत ठेवणं म्हणजे माशावर अन्याय, तो मुळात खायला लागेल की नाही इथून सुरुवात.

एप्रिल-मे

इथला उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. पारा चाळिशीपार, हवा कोरडी ठणठणीत. संपवर दोन पंखे लावले की पाणी भरपूर उडतं, आणि उडताना उष्णता घेऊन जातं. 100 लिटर पाण्यातून एक लिटर उडालं तर तापमान साडेपाच अंशांपर्यंत उतरवण्याइतकी ती उष्णता असते. चिलरशिवाय भागतं ते कोरड्या हवेमुळे. मुंबईकरांनी याचं अनुकरण करू नये. माझा टॉप-अप, म्हणजे उडालेल्या पाण्याची रोजची भर, मे महिन्यात रोज पाच लिटरपर्यंत गेला. उजनीचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं, त्यात आरओचं वाया जाणारं पाणी वेगळं. ते बादल्यांत भरून घर पुसायला जातं. त्यामुळे ‘मोठे वॉटर चेंज करून पोषकं खाली आणा’ हा सल्ला ऐकायला बरा आहे.

एकाने सुचवलं की टॉप-अपमध्येच चुन्याची निवळी टाक. तिचा एप्टेशियावर परिणाम होत नाही, आणि आकडे बघा: पाच लिटर, लिटरमागे दीड ग्रॅम, म्हणजे रोज साडेसात ग्रॅम. माझ्या टँकमध्ये दिवसाला तीन डीकेएच! सॉफ्ट कोरल एवढं वापरतच नाहीत. हार्ड कोरलवाल्यांची युक्ती आहे ती, आपली नव्हे.

या दिवसांत सोलापूरच्या उन्हाचा एक उपयोग मात्र झाला. एका दगडाला इतकी भोकं होती की सिरिंज पुरेना. त्यावरचे झोआ ग्लोव्हज घालून सोडवले, ब्रशने शिल्लक पॉलिप काढले आणि दगड गच्चीवर टाकला. आई कुरडयांचा चीक घेऊन वर आली आणि तिथूनच ओरडली, "अरे, हे घाण वास मारणारं धोंडं इथं, मग कुरडया घालू कुठं मी? डोक्यावर?" दगड पाण्याच्या टाकीमागे गेला. आठवड्यानंतर पांढराफटक. आता तो वेगळ्या बादलीत पुन्हा मुरतोय, अमोनिया शून्यावर आल्याशिवाय आत जाणार नाही.

दगड उकळायचा मोह होईल. झोआ किंवा त्यांचे नातलग पॅलिथोआ कधी बसले होते असा दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने घासूही नका. त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन वाफेबरोबर फुप्फुसात जातं आणि अशी कुटुंबं थेट अतिदक्षता विभागात गेलेली आहेत. ऊन फुकट आहे, ते वापरा.

पाऊस लागल्यावर

डिस्प्ले स्वच्छ दिसायला लागला तरी दर थोड्या दिवसांनी एखादं पिल्लू उगवायचं. कुठून? ओव्हरफ्लो बॉक्सच्या (टँकमधलं पाणी संपकडे सोडणाऱ्या कप्प्याच्या) तळाशी आणि संपच्या पहिल्या कप्प्यात टॉर्च मारला तर तिथे अख्खी वसाहत, अंधारात राहून रंग उडालेली, जवळपास पांढरी. प्रकाश नसला तर त्यांच्या अंगातलं शेवाळ जातं, पण प्राणी मरत नाही. वाहत येणाऱ्या कणांवर आरामात जगतो. ओव्हरफ्लोमधले चुन्याने मारले. पाइप बाहेर काढून व्हिनेगरमध्ये बुडवले. संपमधले ठेवले आहेत, फक्त रिटर्न पंपाच्या कप्प्यातले काढले, कारण तिथून तुकडे सरळ वर जातात.

मजानोची गोष्ट वेगळी. आखूड, जाडसर, हिरवट हात आणि टोकाला फुगीर गाठी. नवखे त्याला बबल टिप या शोभेच्या अ‍ॅनिमोनचं पिल्लू समजून कौतुकाने वाढवतात. पेपरमिंट त्याला तोंड लावत नाही, बर्घियाही नाही. चुना चालतो, पण तो सुरकुतीत पाय रोवून बसतो आणि पेस्ट तळव्यापर्यंत पोहोचत नाही. त्या दगडाचा तेवढा टवका छिन्नीने उडवायचा, असं ठरवलंय. त्यासाठी दगड बाहेर काढावा लागेल आणि त्यावर लेदर बसलाय, म्हणून तो आधी सुटा करून दुसरीकडे चिकटला की मग.

झोआचे फ्रॅग ज्यांनी मागितलेत त्यांना दिवाळीनंतर देईन. प्लग मिळणार नाही. पॉलिप सोडवून, भिंगाखाली बघून, नव्या कोऱ्या प्लगवर लावून काही आठवडे वेगळ्या टबात ठेवलेलेच देणार. न्यायला येताना डबा तुमचा आणा.