आठवड्याला एक तास खेळ

अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून माझी बहुतेक नोकरी वजनकाटा, उंचीपट्टी आणि टीएचआरची (घरी न्यायच्या पूरक आहाराची) पाकिटं यांच्याभोवती गेली. म्हणूनच जमैकातल्या एका संशोधनाबद्दल मी भेटेल त्याला सांगत असते.

किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमधली १२९ खुजी, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेली मुलं, वय नऊ ते चोवीस महिने. वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी १९८६-८७ मध्ये त्यांचे चार गट केले. एका गटाला आठवड्याला एक किलो दूध पावडर. दुसऱ्याच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर खेळ. तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला यातलं काहीच नाही. दोन वर्षं हे चाललं.

घरी जाणारी बाई डॉक्टर नव्हती, मानसशास्त्रज्ञही नव्हती. आपल्या आशाताईंसारखी वस्तीत काम करणारी आरोग्यसेविका होती. बाटल्या, झाकणं, पुठ्ठा, चिंध्या यांची खेळणी घेऊन ती जायची, आईला सोबत बसवून बाळाशी खेळायची, बोलायची, आईचं कौतुक करायची. खेळणी तिथंच ठेवायची आणि पुढच्या आठवड्याला ती नेऊन दुसरी द्यायची. बाळाशी खेळणं हे आईचं काम व्हावं, यासाठी सगळी धडपड.

दोन वर्षांनी दूध आणि खेळ, दोन्हींचा फायदा दिसला. पुढे दुधाचा परिणाम विरत गेला, खेळाचा टिकला. २०१४ मध्ये छापून आलेल्या पाहणीत, बाविशीत पोहोचलेल्या या मुलांपैकी ज्यांच्या घरी खेळ गेला होता त्यांची कमाई इतरांपेक्षा सरासरी २५ टक्के जास्त निघाली. मी आहाराच्या विरोधात नाही. भुकेल्या लेकराला आधी घास हवा. पण आमच्या नोंदवह्यांत वजनाचा रकाना होता आणि बाळाशी घरात कोण बोलतं याचा नव्हता, हे मला आजही सलतं.

या पाहणीसाठी मुलं शोधताना अमेरिका, कॅनडा, ब्रिटनला गेलेल्यांचाही माग काढला गेला. असं वर्षानुवर्षं मुलांचा पाठपुरावा करणारं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. देणगीदारांना दोन-तीन वर्षांत फोटो आणि अहवाल हवा असतो. बाळ मोठं व्हायला वीस वर्षं घेतं. विद्यापीठ सोबत असेल तर निदान कोणीतरी वाट पाहायला तयार असतं.

पुढे हीच पद्धत ‘रीच अप’ नावाने बांगलादेश, ब्राझील, झिंबाब्वे अशा देशांत गेली. आपल्याकडे ती आली ओडिशात. कटकच्या ५४ वस्त्यांपैकी निम्म्यांत ‘प्रथम’च्या कार्यकर्त्यांनी ती राबवली, उरलेल्या तुलनेसाठी होत्या, लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजचे अर्थतज्ज्ञ सोबत होते, पैसा ‘ग्रँड चॅलेंजेस कॅनडा’चा. ‘प्रथम’ मूळची मुंबईच्या झोपडपट्ट्यांतली बालवाड्या चालवणारी संस्था, याचा मला मराठी माणूस म्हणून आनंद आहे. खेळणी, चित्रं आणि गाणी तिथली केली, किंग्स्टनची लादली नाहीत. अठरा महिन्यांनी मुलांच्या आकलनात स्पष्ट फरक दिसला.

त्यानंतर ओडिशाच्याच १९२ गावांत घरभेटी आणि आयांचे गट यांची तुलना झाली. गटांचा परिणाम घरभेटींइतकाच आला आणि खर्च कमी. आपल्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. आयांना एकत्र बसवणं अंगणवाडीला नवं नाही.

२०२४ मध्ये केंद्र सरकारने तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ आराखडा आणला. महिन्यागणिक खेळ दिले आहेत, चांगले आहेत. पण सेविकेकडे आधीच पोषण ट्रॅकर ॲपवरच्या नोंदी, लसीकरणाचा दिवस, आहारवाटप, वेगवेगळी सर्वेक्षणं. तिच्या आठवड्यातले ठरलेले तास फक्त या खेळासाठी मोकळे करा, त्या तासांचं मानधन वेगळं द्या, आणि पर्यवेक्षिकेला तपासणीऐवजी सोबत बसून शिकवायला पाठवा. बाहेरचा पैसा येणार असेल तर आधी तो इथं लागावा.