तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी किती वाजता उतरते?

“दादा, एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा याची) गोळी किती तास चालते? आणि कोल्हापुरात यातला जाणकार डॉक्टर कोण?” हे दोन प्रश्न मला काउंटरवर विचारले जातात, फोनवर विचारले जातात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारले जातात. माझं औषधाचं दुकान आहे, शेड्यूल एक्सचा, म्हणजे कडक नियंत्रणाखालची औषधं विकायचा परवाना आहे, त्यामुळे मिथाइलफेनिडेट या एडीएचडीच्या औषधाच्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात. दरवेळी उभ्या उभ्या दोन वाक्यं बोलतो आणि समोरचा अर्धंच घेऊन जातो. आता एकदाच नीट लिहितो. डॉक्टरचं नाव मात्र लिहिणार नाही. का, ते पुढे येईल.

आधी तास. मिथाइलफेनिडेटची साधी गोळी, इन्स्पायरल किंवा ॲडवाइज या नावांनी मिळते ती, अर्ध्या-पाऊण तासात लागू पडते. दोनेक तासांनी तिचा जोर सगळ्यांत जास्त असतो आणि तीन ते पाच तासांत ती उतरते, म्हणजे तिचा असर संपतो. बहुतेकांची चारच्या आसपास. २० मिलिग्रॅमची एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी, सहा-आठ तासांची धरतात, पण पाचातच संपली म्हणणारेही पुष्कळ भेटतात. दिवसातून एकदाच घ्यायच्या ओडी गोळ्या दहा-बारा तासांसाठी बनवलेल्या असतात. १८ मिलिग्रॅम ऐकून आईबाप दचकतात, पण ते सगळं एकदम सुटत नाही. ५ मिलिग्रॅमची साधी गोळी दिवसातून तीनदा घेतली तर जो हिशेब होतो, साधारण तोच.

म्हणून एसआर आणि ओडी मोडायची नाही, चावायची नाही, कुटून दुधात घालायची नाही. “अर्धी-अर्धी देऊ का, महाग पडते” असं विचारतात, त्यांची अडचण मला कळते. पण तशी गोळी मोडली की दिवसभराचं औषध दोन तासांत अंगावर येतं आणि दुपारी हाताशी काहीच उरत नाही. काही ओडी गोळ्यांचं रिकामं कवच शौचातून तसंच बाहेर पडतं. गोळी विरघळलीच नाही असं समजून दुसरी देऊ नका, आतलं औषध केव्हाच सुटलेलं असतं. आणि ओडीची कंपनी परस्पर बदलू नका. मिलिग्रॅम तेच असले तरी औषध सुटण्याची पद्धत वेगळी असू शकते आणि उतरायची वेळ तासा-दोन तासांनी सरकते.

इंटरनेटवर वाचून लोक मोसंबी आणि लिंबू बंद करतात. ती गोष्ट अँफेटामिन या वेगळ्या औषधाची, ते लघवीच्या आम्लतेप्रमाणे लवकर किंवा उशिरा बाहेर पडतं. मिथाइलफेनिडेट यकृतातल्या एका विकराने मोडतं, लघवीवर अवलंबून राहत नाही. मिसळीवर लिंबू पिळा, काही बिघडत नाही. दारू मात्र नको. दोन्ही एकत्र आले की शरीरात इथाइलफेनिडेट नावाचा तिसराच पदार्थ तयार होतो, शिवाय आपल्याला किती चढलीय हेही कळत नाही.

ॲटोमोक्सेटिन या एडीएचडीच्या दुसऱ्या औषधाला हा तासांचा हिशेब लावूच नका. ते रोज घ्यायचं, जेवणानंतर घ्यायचं आणि चार ते सहा आठवडे वाट बघायची. पुरता परिणाम यायला कधी बारा आठवडेही जातात. मुलांना वजनाच्या किलोमागे ०.५ मिलिग्रॅमने सुरू करून १.२ पर्यंत नेतात. दहा दिवसांत “काही फरक नाही” म्हणून सोडणारे फार, त्यांना तो बघायला मिळालेलाच नसतो. सोबत फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यांच्यामुळे ॲटोमोक्सेटिन रक्तात साचतं.

आता ज्या घरामुळे मला हे लिहावंसं वाटतं, त्या घराबद्दल.

कागलकडचं घर. मुलगा नववीत, शाळा सकाळी साडेसातची. एसटी गाठायची म्हणून साडेसहालाच १० मिलिग्रॅमची साधी गोळी द्यायचे. शाळेतून रोज एकच तक्रार यायची, मधल्या सुट्टीनंतर हा मारामारी करतो. डॉक्टर दुसऱ्या गावचे होते. त्यांनी तक्रार ऐकली आणि डोस एकदम दुप्पट केला, सकाळीच २० मिलिग्रॅम.

घड्याळ लावून बघा. साडेसहाची गोळी साडेदहाला उतरणार. तक्रारी सगळ्या पावणेअकरानंतरच्या. गोळी कमी पडत नव्हती, ती त्या वेळी अंगात उरलेलीच नव्हती. डोस दुप्पट केला की जोर वाढतो, तास त्या मानाने वाढत नाहीत. झालंही तसंच. साडेआठला पोरगं गप्प, डबा तसाच परत, बाईंनी प्रश्न विचारला तर नुसतं बघत राहायचं. आणि उतरताना पहिल्यापेक्षा जोरात आपटायचं. उतरत्या औषधाबरोबर चिडचिड, रडू, हातपाय चालणं, याला रिबाउंड म्हणतात.

त्या महिन्यात आई दुकानात आली होती. म्हणाली, “दादा, सकाळी दगडागत बसतंय आन् अकराला पेटतंय. गोळी बरोबर हाय न्हवं?”

एका वाक्यात तिने सगळा आलेख काढून दिला होता. जोराच्या वेळी दगड होतो म्हणजे डोस जास्त, उतरताना पेटतो म्हणजे तास कमी. मी चिठ्ठी बघितली, गोळ्या मोजल्या आणि म्हणालो, “डॉक्टरांनी दिलीय ना, मग द्या.”

डोस बदलणं माझं काम नाही, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. पण चिठ्ठीवर डॉक्टरांचा फोन नंबर होता. आणि “गोळीच्या वेळा लिहून न्या” एवढं सांगायला कुठला परवाना लागत नाही. तेव्हाचा मी म्हणेन की काउंटरवर पाच माणसं उभी होती. होती, मान्य आहे.

तिसऱ्या आठवड्यात पोराने स्टीलची बाटली फेकली. दुसऱ्या मुलाच्या कपाळाला टाके पडले. वडिलांनी गोळ्या गटारात टाकल्या, म्हणाले याच गोळीने पोरगं बिघडलं. आठ महिने काहीच औषध नाही. नववी नापास.

पुढे शहरातल्या एका डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “गोळी किती वाजता देत होता आणि किती वाजता बिघडायचा?” पुन्हा १० मिलिग्रॅम सुरू करून आठ दिवस वेळा लिहायला सांगितल्या. आईने दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानामागे पेनाने लिहिलं. तो कागद मी बघितलाय: “६.३० गोळी. ७.१५ शांत. ८.३० बोलतोय, डबा अर्धा. १०.२० पाय हलवाय लागला. १०.५० भांडण. १२ झोपला.” घरी असताना तिने स्वतः बघून लिहिलं, शाळेच्या दिवसांचं बाईंना विचारून. डॉक्टरांनी कागद बघितला आणि १० मिलिग्रॅमच ठेवले, फक्त पहिली गोळी शाळेच्या दारात सातला आणि दुसरी मधल्या सुट्टीत सव्वादहाला, म्हणजे पहिली उतरायच्या आत. दप्तरात आख्खी पट्टी कधीच नाही. रोज एकच गोळी, नाव लिहिलेल्या पाकिटात, वर्गशिक्षिकेच्या हातात, सोबत चिठ्ठीची झेरॉक्स. पुढे शाळेत गोळी न्यायलाच नको म्हणून सकाळची ओडी झाली.

म्हणून तुमचे दोन प्रश्न मला एकच वाटतात. जो डॉक्टर “किती वाजता उतरते” हे विचारतो तो जाणकार. आज मी नाव सांगितलं आणि तो पुढच्या वर्षी घाईला लागला, तर नावाचा काय उपयोग? परीक्षा तुम्हालाच घ्यावी लागेल.

पहिल्या भेटीत त्यांनी काय विचारलं ते बघा. लक्षणं बारा वर्षांच्या आत होती का? प्रगतिपुस्तकावरचे शेरे मागितले का? फक्त शाळेत होतं की घरीही? झोप, वजन, उंची, नाडी, रक्तदाब बघितला का? घरात कुणी कमी वयात हृदयाने अचानक गेलं आहे का? मान-डोळ्यांचे झटके, इतर गोळ्या? ५ मिलिग्रॅमने सुरू करून एका वेळी एकच बदल, आठवड्याच्या अंतराने, असं झालं तर थांबा तिथेच. पहिल्याच भेटीत तीन औषधं, किंवा “मोठेपणी हे नसतंच” असं उत्तर मिळालं तर दुसरीकडे जा. मेंदूचा फोटो किंवा ईईजीची पट्टी काढून एडीएचडी ठरत नाही. मानसशास्त्रज्ञांचा चाचणी अहवाल उपयोगी पडतो, पण गोळी लिहून देण्याचा अधिकार त्यांना नाही. एमडी मानसोपचार, डीपीएम, डीएनबी अशी पदवी बघा. खर्च झेपत नसेल तर सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा, तिथे जायला संकोच करायचं कारण नाही.

मोठ्यांनी कामाच्या वेळा आधी सांगाव्यात. शिरोलीत फाउंड्रीत रात्रपाळी करणाऱ्याला “सकाळी एक” असं लिहून दिलं तर ती गोळी त्याच्या झोपेवर पडते. पाळी बदलली की गोळीची वेळ बदलायची का, हे चिठ्ठीवरच लिहून घ्या.

“मुंबईच्या डॉक्टरांनी व्हिडिओवर लिहून दिलीय, देता का?” नाही देता येत. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शेड्यूल एक्समधली आणि एनडीपीएस या अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधं ऑनलाइन तपासणीवर लिहिता येत नाहीत, आणि मिथाइलफेनिडेट दोन्हीकडे आहे. म्हणून डॉक्टर जाऊन-येऊन भेटता येईल असा, कोल्हापुरात नाहीतर फार तर सांगली-मिरजेत शोधा. चिठ्ठी दोन प्रतींत हवी, एक प्रत दुकानात दोन वर्षं ठेवावी लागते. त्यावर तारीख, सही, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, तुमचं नाव-पत्ता आणि एकूण गोळ्या हव्यात. एका प्रतीची चिठ्ठी घेऊन शनिवारी संध्याकाळी गडहिंग्लजहून आलेल्या माणसाला परत पाठवताना फार वाईट वाटतं, पण पाठवावंच लागतं. दवाखान्यातून निघायच्या आधी कागद मोजा. आणि सात गोळ्या उरल्या की दुकानात फोन करा. हा परवाना सगळ्या दुकानांकडे नसतो आणि असलेल्यांकडेही माल नेहमी नसतो.

राहिला प्रश्न वर्षांचा. “जन्मभर घ्यायची का?” पूर्वी मी बिनधास्त सांगायचो, मोठं झालं की सुटते. मग बेचाळिशीची माणसं पहिली चिठ्ठी घेऊन येऊ लागली आणि तसं सांगणं बंद केलं. रविवारी सुट्टी द्यावी का, यावरही डॉक्टरा-डॉक्टरांत मतं वेगळी आहेत. भूक आणि वजन मागे पडत असेल तर काही जण देतात, काही म्हणतात पोराला रविवारीही माणसांतच राहायचं असतं. मला दोन्ही पटतं. वर्षातून एकदा “अजून लागते का?” हे डॉक्टरांबरोबर तपासावं, एवढं मात्र मी ठामपणे सांगतो.

कागलचा तो मुलगा आता बारावीत आहे. त्याला गोळी नको झालीय, आईला भीती वाटते. डॉक्टरांनी परीक्षेनंतर मे महिन्यात दहा दिवस बंद ठेवून बघायचं ठरवलंय. वेळा या वेळी तो स्वतः लिहिणार आहे.